पदरमोडीचा इतिहास



'पदरमोड' हा शब्द हल्ली फारसा कानावर पडत नाही. पूर्वी शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या हिशेबात तूट आली की मुख्याध्यापक मोठ्या अभिमानाने (आणि थोड्या दुःखाने) म्हणत, "शेवटी पदरमोड केली." पदराच्या गाठीला बांधलेले पैसे मोडायचे आणि ज्या कामाचे कुणी सांगितलेले नाही ते करायचे, एवढा साधा त्याचा अर्थ. मध्यंतरी केजला एका लग्नात आमच्या एका आप्तांनी मला मांडवाच्या कडेला घेतले आणि विचारले, "गुरुजी, तुमच्या बहिणीचा नातू नोकरी सांभाळून रात्र रात्र जागतो आणि ऍप बनवतो म्हणे. फुकट देतो म्हणे. त्याला त्यातून मिळते तरी काय?"

प्रश्न रास्त होता. पंगत बसायची वेळ झाली होती म्हणून मी "सांगतो सावकाश" म्हटले. आता सावकाश सांगतो. पण मी पडलो जुन्या वळणाचा मास्तर, त्यामुळे उत्तर थोडे लांबून येईल.

आधी ऍप काय आहे ते. नांदूरघाट हे आमचे गाव केज तालुक्यात, आणि सगळा बीड जिल्हा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे आमच्याकडच्या जुन्या कागदांवर इसवी सन बहुधा नसतोच, फसली सन असतो. 'फसल' म्हणजे पीक. अकबराच्या काळात सारा वसुलीसाठी पिकांच्या वर्षाशी जुळणारा हा सन निघाला आणि शहाजहानच्या काळात तो दख्खनमध्ये आला. हैदराबादचा जमीन महसूल कायदा 1317 फसलीचा म्हणून ओळखला जातो. तो 1907 सालचा. म्हणजे 590 मिळवायचे. माझ्या वडिलांनी मला एवढेच शिकवले होते.

पण मेख पुढे आहे. हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, 1 अजूरला सुरू होई. अजूर, दै, बहमन, इस्फंदार, असे त्याचे बारा इराणी महिने. कागदावर अजूर किंवा दै असेल तर 590 मिळवा. बहमन सरता सरता इंग्रजी नवे वर्ष लागते, तिथून पुढे 591. तिकडे मद्रास इलाख्यात हेच फसली वर्ष 1 जुलैला सुरू होई, आणि उत्तरेकडच्या फसलीत तर दोन वर्षांचा फरक पडतो. एका फेरफाराच्या कामात माझ्या भाच्याला असे कागद काढावे लागले. मी बोटांवर हिशेब करताना त्याच्या मुलाने पाहिले. पोरगा हिंजवडीला कंपनीत आहे. पुढच्या शनिवारी-रविवारी बसून त्याने मोबाइलमध्ये एक खिडकी केली: फसली तारीख घाला, इसवी तारीख घ्या. तेव्हापासून, म्हणजे आता दोन वर्षे होतील, तो त्याच खिडकीला सुतारासारखा रंधा मारतो आहे.

तर मंडळी, मिळते काय, हा प्रश्न काही आजचा नाही. मुंबईत 1831 साली गणपत कृष्णाजींनी पहिले छापील मराठी पंचांग काढले. अमेरिकन मिशनचा छापखाना त्यांनी जवळून पाहिला होता. स्वतःचा छापखाना असावा असे त्यांच्या मनाने घेतले आणि मग यंत्र, शाई, खिळे ही एकेक गोष्ट त्यांनी खटपटीने स्वतः जमवली. गोविंद नारायण माडगांवकरांनी 1863 च्या 'मुंबईचे वर्णन' या पुस्तकात त्यांची हकिगत दिली आहे म्हणून आपल्याला ती ठाऊक. छापील कागदाला शिवावे की नाही, शाईत चरबी असते म्हणतात, असा विचार सोवळे लोक करीत होते तो हा काळ. गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई केली असे सांगतात. मला त्यांच्या छापखान्याच्या भरभराटीपेक्षा ही तुपाची गोष्ट फार आवडते. गिऱ्हाइकाची नेमकी अडचण काय आहे ते ओळखून रात्री उशिरा काहीतरी ढवळत बसलेला माणूस मला त्यात दिसतो.

आमच्या बीडचे उदाहरण द्यायचे तर इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांचे. सरकार नाही, विद्यापीठ नाही, गावोगाव पायपीट करून त्यांनी जुनी दप्तरे गोळा केली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' याचा पहिला खंड 1898 साली निघाला आणि पुढे 22 खंडांपर्यंत ते काम गेले. ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी त्यांना बीडच्या पाटांगणावर मिळाली, तिच्यावरून त्यांनी 1909 साली ज्ञानेश्वरी छापली. ती छापील प्रत आजही अभ्यासली जाते. मूळ पोथी मात्र उपलब्ध नाही. ती कुठे गेली याच्या निरनिराळ्या कथा आहेत, त्यात शिरत नाही. पण एकट्याने केलेल्या कामाचे हे दुसरे अंग लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावर यायचे आहे.

आणि शंकर आबाजी भिसे. मुंबईत 1867 साली जन्मलेला हा गृहस्थ छापखान्याचे खिळे पाडणारे यंत्र करायला लंडनला गेला. दादाभाई नौरोजींनी त्यांच्यासाठी खटपट केली, पुढे सर रतन टाटांनी पैसा लावला, तरी यंत्र बाजारात पाय रोवण्याआधीच पैसा संपत असे. 1935 साली ते न्यूयॉर्कला वारले. लोखंडाचे यंत्र करायचे तर डोके एकट्याचे चालते, पण भांडवल दुसऱ्याचेच लागते. संगणकाने पहिला मोठा फरक केला असेल तर तो इथे. डोके आणि जागरण एवढ्यावर यंत्र उभे राहू लागले.

मराठीत ही जागरणाची परंपरा कशी सुरू झाली ते मी बाहेरून, पण पुष्कळ उत्सुकतेने पाहिले आहे. पुण्यात 1988 साली सी-डॅक निघाली, तिथे सरकारी पातळीवर भारतीय लिप्यांचे मोठे काम झाले. 1991 साली 'इस्की' हे मानक ठरले, त्याच साली युनिकोडही आले. पण मानक ठरणे वेगळे आणि नांदूरघाटच्या मास्तराला पत्र टाइप करता येणे वेगळे. मधली पंधरा-वीस वर्षे आपण फाँटांच्या जंगलात काढली. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, किरण. यातला 'किरण' हा किरण भावे यांनी केलेला आणि लोकांना फुकट वापरू दिलेला फाँट. कितीतरी लग्नपत्रिका आणि वाढदिवसाची पोस्टरे त्याच्यावर निघाली असतील. या फाँटांची गंमत अशी की आत इंग्रजी अक्षरेच असत, वर मराठीचा मुखवटा. ज्याच्याकडे तो फाँट नाही त्याला तुमचे पत्र म्हणजे उंदराने कुरतडलेला कागद.

मग एकेकटे लोक पुढे आले. कानडी माणूस शेषाद्रिवासू यांनी 1998 साली मुख्यतः कानडीसाठी 'बराहा' काढले, पुढे त्यात देवनागरीही आली. आपल्यापैकी जुन्या ब्लॉगकारांनी त्याच्यावर हात बसवला. अजय गल्लेवाले यांनी 1996 च्या गणेश चतुर्थीला 'मायबोली' सुरू केली. महेश वेलणकरांनी 2004 साली 'मनोगत' काढले, त्यात थेट देवनागरीत लिहिता येई आणि शुद्धलेखन तपासायची सोयही होती. आणि ॐकार जोशी यांचे 'गमभन'. या नावापाशी मी थोडा थांबणार आहे.

पहिलीच्या मुलाला आम्ही अक्षरे क ख ग घ या क्रमाने शिकवत नव्हतो. ग म भ न या क्रमाने शिकवायचो. ग चा आकार पाटीवर घोटला की त्याच वळणावर म येतो, थोडी गाठ घातली की भ, उरलेला न. हात एकदाच वळवायचा आणि चार अक्षरे पदरात पाडून घ्यायची. गमन, नभ, मन हे शब्द तर लगेच तयार. संगणकावर मराठी लिहायच्या साधनाला ज्याने हे नाव दिले त्याला आपण काय करतो आहोत ते पुरते ठाऊक होते. इंग्रजी कळफलकावर उच्चाराप्रमाणे टाइप करा, मराठी उमटते. न्याहाळकातच चालते, वेगळे काही बसवायला नको. ते अनेक मराठी संकेतस्थळांनी आपल्याकडे बसवून घेतले. पुढे गूगलने आपली साधने दिली आणि आता तर फोनला बोललो की तो लिहितो. पण मधल्या काळात मराठी माणूस इंटरनेटवर मराठीतून भांडू शकला (आणि आपण भांडलो पुष्कळ!) त्याचे श्रेय अशा लोकांना आहे.

आचार्यांना आणि आचाऱ्यांना, दर्या आणि दऱ्या, या जोड्यांतला फरक मी पस्तीस वर्षे फळ्यावर लिहून दाखवला. हिंदीला या दुसऱ्या र ची गरज पडत नाही, आपल्याला पडते. फाँट आणि कळफलक करणाऱ्या कुणीतरी बसून तो चंद्रकोरीसारखा र जागेवर येईल अशी व्यवस्था केली, तेव्हा कुठे आचाऱ्यांना स्वयंपाकघरात आणि आचार्यांना व्यासपीठावर ठेवता आले. या कामाला कुणी सत्कार केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आता खास ऍपवाल्यांकडे. ऍपलचे दुकान जुलै 2008 मध्ये उघडले, गूगलचे त्याच वर्षी ऑक्टोबरात. पण मराठी माणसाने केलेले आणि घराघरांत गेलेले जे ऍप मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते आधी या दोन्ही दुकानांसाठी नव्हतेच. सचिन टेके यांचे 'एम-इंडिकेटर' 2010 साली आले ते बटणांच्या साध्या जावा फोनसाठी. मुंबईत कुणाकडे गेला असाल तर फलाटावर लटकलेला इंडिकेटर तुम्ही पाहिला असेल: कुठली लोकल, किती वाजता, धिमी की जलद. तो फलाटावरचा फलक खिशात आणायचा, एवढीच कल्पना.

एवढीच म्हणतो खरा, पण तिच्यात किती कष्ट आहेत ते शाळेचे वेळापत्रक ज्याने एकदा केले आहे त्यालाच कळेल. दहा वर्ग आणि बारा शिक्षकांचे वेळापत्रक जुळवताना मी जून महिना घालवत असे, आणि एक शिक्षक रजेवर गेला की सगळे कोसळे. इथे मध्य, पश्चिम आणि हार्बर, त्यात जलद-धिमी, त्यात रविवारचा मेगाब्लॉक, आणि रेल्वे वेळापत्रक बदलते तेव्हा सगळे पुन्हा. कोविडपूर्वी लोकलने रोज सुमारे 75 लाख लोक प्रवास करीत. त्यातल्या प्रत्येकाला चूक लगेच कळते, कारण त्याची गाडी चुकते. त्या काळी फोनवर इंटरनेट महाग आणि रडतखडत चाले, म्हणून वेळापत्रक फोनमध्येच साठवलेले. नेट नसले तरी चालते. हा निर्णय मला तुपाच्या शाईइतकाच मोलाचा वाटतो. पुढे बसचे मार्ग आले, रिक्षा-टॅक्सीचे भाडे आले, अँड्रॉइड आले. पुढे त्याची कंपनी झाली, व्यवसाय झाला, चांगलेच झाले. पदरमोड करून सुरू केलेले काम पोट भरू लागले तर त्यात कमीपणा कसला?

(आमच्या बीडला रेल्वेचे वेळापत्रक पाहायची पाळी 17 सप्टेंबर 2025 ला आली, अहिल्यानगरची गाडी सुरू झाली तेव्हा. तोपर्यंत माझ्या फोनमधले एम-इंडिकेटर फक्त मुलीकडे मुंबईला गेलो की उपयोगी पडे. असो.)

माझ्या स्वतःच्या बिरादरीचीही नोंद करायला हवी. 2015 साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत 'तंत्रस्नेही शिक्षक' हा शब्द रूढ झाला. पाढ्यांचे, कवितांचे, बेरजा-वजाबाक्यांचे ऍप शिक्षकांनी स्वतः केले, स्वतःच्या फोनचा डेटा खर्चून. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घातले, त्यांना 2020 साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. 10 लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली. त्या बातमीने आमच्या निवृत्तांच्या कट्ट्यावर दोन दिवस दुसरा विषय नव्हता.

मग माणसे हे का करतात? अमेरिकेतल्या एरिक रेमंड नावाच्या लेखकाने 1997 साली असा सिद्धांत मांडला की चांगले सॉफ्टवेअर करणाऱ्याच्या स्वतःच्या खाजेतून सुरू होते. आपल्या गावाकडेही 'तुला कशाला ही खाज' असेच म्हणतात, फक्त आपण ते कौतुकाने म्हणत नाही. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने 1991 साली लिनक्स जाहीर केले तेव्हा हा आपला नुसता छंद आहे, फार मोठे काही होणार नाही, असेच कळवले होते. जॉश वॉर्डल याने शब्दांचा 'वर्डल' हा खेळ आपल्या जोडीदारासाठी केला होता. पुढे 2022 साली न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला. आणि उलटेही आहे. व्हिएतनामच्या डाँग न्युएन याने एकट्याने केलेला 'फ्लॅपी बर्ड' खेळ जगभर पसरला, पैसा धो धो आला, आणि फेब्रुवारी 2014 मध्ये त्याने तो स्वतःच काढून टाकला, शांतपणे जगता येईना म्हणून.

मी पोराला हाच प्रश्न विचारला. तो म्हणाला, "आजोबा, ऑफिसात मी ज्या भिंतीच्या विटा लावतो ती भिंत मला कधी पूर्ण दिसत नाही. हे एवढेसे का होईना, चारी बाजूंनी माझे आहे." मला हे पटले. पण एवढेच कारण असते तर तो सहा महिन्यांत थांबला असता. 2023 साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने न्या. संदीप शिंदे समिती नेमली आणि मराठवाड्यात जुनी दप्तरे उघडली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. पोराच्या ऍपची गावोगाव आठवण निघू लागली ती या वातावरणात. मत काही असो, ज्याच्या हातात आजोबाच्या नावाचा कागद आहे त्याला त्यावरची तारीख कळली पाहिजे, असे त्याला वाटू लागले. अनोळखी माणसाचा फोटो येतो, खाली लिहिलेले असते, 'दादा, हे साल कोणते?' त्या 'दादा'साठी तो जागतो, असा माझा अंदाज आहे. त्याने तसे कबूल केलेले नाही.

फुकट म्हणजे बिनखर्ची नव्हे, हेही आप्तांना कळायला हवे. गूगलच्या दुकानात एकदाच 25 डॉलर भरावे लागतात, ऍपलच्या दुकानात दरवर्षी 99. शिवाय गूगलचा आता नियम असा की नव्या खात्यावरून एकट्या माणसाला ऍप प्रसिद्ध करायचे तर आधी 12 जणांनी ते सलग 14 दिवस वापरून पाहिले पाहिजे. तुमच्यापैकी काहींना आठवत असेल, आपल्या घरच्या ग्रुपवर "कृपया ऍप काढून टाकू नका" असे रोज निरोप येत होते. ते बारा पांडव म्हणजे आपणच, मंडळी. आमच्या कुसुमवहिनींनी तर फसलीचा फ माहीत नसताना चौदा दिवस इमानेइतबारे ते उघडले.

आणि राजवाड्यांच्या पोथीची आठवण इथे येते. कागदाची पोथी दोनशे वर्षे अडगळीत पडली तरी कुणीतरी उघडून वाचू शकतो. ऍप असे पडून राहू शकत नाही. गूगल दर साली नव्या अँड्रॉइडला जुळवून घ्यायला लावते. जो जुळवत नाही त्याचे ऍप नव्या फोनवाल्यांना दुकानात दिसेनासे होते. बटणांच्या फोनमधली जावाची ऍपे आज कुठे आहेत? जिओसिटीजवर लोकांनी हौसेने बांधलेली घरे ऑक्टोबर 2009 मध्ये एका झटक्यात गेली. फ्लॅशमध्ये केलेले खेळ 2020 च्या अखेरीस बंद पडले. त्या जुन्या फाँटांत टाइप केलेल्या कितीतरी स्मरणिका, गावांचे इतिहास, दिवाळी अंकांची हस्तलिखिते अजून सीडीवर असतील आणि उघडल्यावर कुरतडलेला कागद दिसत असेल. आता असे फाँट युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने आहेत, तीही बहुतेक कुणा ना कुणा एकट्यानेच केलेली. ज्यांच्याकडे अशा सीडी असतील त्यांनी सीडी वाचणारे यंत्र घरात आहे तोवर हे काम उरकून घ्यावे, ही मास्तरकी सूचना.

मी पोराला म्हटले, तू थांबलास तर? त्याने सगळे सांगाडे गिटहबवर खुले ठेवले आहेत, कुणीही घ्यावे. मी माझ्या बाजूने सगळे कोष्टक, महिने, कुठल्या महिन्यात 590 आणि कुठल्या महिन्यात 591 हे वहीत शाईने लिहून ठेवले आहे, आणि वहीची एक झेरॉक्स गावच्या वाचनालयात दिली आहे. तो हसला, पण त्याने त्या पानाचा फोटो काढून ऍपमध्ये घातला.

सध्या अडले आहे ते एका दिवसावर. परांड्याहून एका निवृत्त तलाठ्याने कळवले की काही वर्षी 1 अजूरची तारीख ऍपमध्ये एका दिवसाने पुढे पडते. लीप वर्षाची भानगड दिसते. दोन शनिवार गेले, अजून सुटलेली नाही. तेव्हा आप्तांपैकी कुणाच्या घरी निजामाच्या काळातली छापील जंत्री, कचेरीचे कॅलेंडर किंवा फसली आणि इसवी अशा दोन्ही तारखा असलेली कुठलीही पावती माळ्यावर, ट्रंकेत, देव्हाऱ्यामागे असेल तर तिचा उजेडात काढलेला स्पष्ट फोटो मला पाठवावा. 1340 ते 1357 फसलीच्या मधली असेल तर फारच बरे. कागद घडीवर फाटत असेल तर उघडू नका, मी स्वतः येऊन पाहीन.